‘पागलांची डॉक्टर’ : वैद्यकीय विद्यार्थी आणि मनोविकारशास्त्राची निवड

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला आले. मुलगी अकरावी-बारावीला माझ्या उर्दूच्या वर्गात होती. पुढे ती एम.बी.बी.एस. झाली, पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा दिली आणि तिला मिळालेल्या क्रमांकावर एम.डी.ची एक जागा चालून आली. विषय होता मनोविकारशास्त्र. वडिलांच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता. ते म्हणाले, “सर, इत्ता पढाके आखिर को पागलां की डॉक्टर बनाना क्या?” ही जागा सोडून मुलीने आणखी एक वर्ष अभ्यास करावा, स्त्रीरोग किंवा बालरोग मिळतो का पाहावे, असा घरच्यांचा विचार होता. आईला रिश्त्याची चिंता होती. मुलीला मात्र ही जागा हवी होती. मी तिला समजवावे म्हणून ते आले होते.

मी वैद्यकीय क्षेत्रातला माणूस नाही. भाषा शिकवणे हे माझे काम. तरीही आपल्या संस्थांत बारावीपर्यंत शिकून वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्या मुलामुलींची संख्या आता बरीच आहे, आणि त्यांचे पालक असे प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे न जाता आपल्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे येतात. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले, जाणकारांना विचारले, ते आपल्या अध्यापक मित्रांसाठी येथे मांडत आहे.

प्रथम परिस्थिती पाहू. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मध्य प्रदेश आणि गुजरात ही राज्ये होती, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, तेलंगण ही नव्हती. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे या सर्वेक्षणात आढळले. त्याहून बोचणारा आकडा उपचाराचा आहे. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. दुसऱ्या बाजूला तज्ज्ञांची संख्या पाहावी. २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त आलेल्या एका हिशोबानुसार देशात सुमारे नऊ हजार मनोविकारतज्ज्ञ होते, म्हणजे लाखामागे ०.७५. किमान तीन तरी असावेत अशी अपेक्षा त्याच लेखात व्यक्त झाली होती. लाख वस्तीच्या तालुक्याला पूर्ण एक डॉक्टरही वाट्याला येत नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय हे डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांतले पुष्कळ शिक्षण संपवून ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे जातात.

आपल्या पेशाशी याचा थेट संबंध आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते.

तज्ज्ञ कमी का, या प्रश्नाचे एक उत्तर जागांच्या संख्येत आहे. दुसरे उत्तर विद्यार्थ्यांच्या मनात आहे, आणि त्याचा अभ्यास जगभर चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १९८२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. मनोविकारशास्त्र ही आदरणीय शाखा आहे काय, त्यातील उपचारांनी माणूस बरा होतो काय, मनोरुग्णालये तुरुंगासारखी असतात काय, अशा आशयाच्या विधानांवर विद्यार्थ्याने आपली सहमती किंवा असहमती पाच पायऱ्यांवर नोंदवायची. गुण ३० ते १५० यांच्या दरम्यान पडतात. नव्वद म्हणजे मत ना इकडे ना तिकडे. भारतातही अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ही प्रश्नावली वापरली गेली आहे. या पाहण्यांत वारंवार दिसणारी गंमत अशी की विद्यार्थ्यांचे गुण सहसा नव्वदच्या वरच भरतात. विषय चांगला आहे, समाजाला गरजेचा आहे, असे मुले म्हणतात. आणि ‘तू घेशील का?’ असे विचारले की गप्प होतात.

२०१४ मध्ये वीस देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. किटी फारूक या त्याच्या प्रमुख लेखिका. सहलेखकांत दिनेश भुग्रा होते, जे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्सचे अध्यक्ष झाले. दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी ‘मी नक्की हीच शाखा घेणार’ म्हणणारे शंभरात चार-पाच निघाले. हा प्रश्न केवळ आपल्या समाजाचा किंवा केवळ आपल्या देशाचा नाही, हे यावरून ध्यानात यावे. या अभ्यासातील एक निष्कर्ष शिक्षकांच्या उपयोगाचा आहे. ज्यांना शिकत असताना या विषयात आवडीने काही काळ काम करण्याची संधी मिळाली होती, किंवा ज्यांच्या विद्यापीठात या विषयाचे विद्यार्थी मंडळ होते व जे त्यात जात होते, त्यांच्यात ही शाखा घेण्याचा कल अधिक होता.

नाखुशीची कारणे देशोदेशी जवळपास तीच आहेत. रुग्ण बरे होत नाहीत ही समजूत. या शास्त्राला भक्कम पाया नाही, रक्ततपासणी नाही, एक्स-रे नाही, मग रोग ठरवतात कशावरून, ही शंका. इतर डॉक्टर मान देत नाहीत. मिळकत कमी. आणि घरचे काय म्हणतील. यांतील ‘इतर डॉक्टर’ हे कारण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात शिक्षक येतात. सर्जरीचे किंवा मेडिसिनचे प्राध्यापक राउंड घेताना मनोविकार विभागाबद्दल जे हसत हसत बोलून जातात, त्याचा परिणाम व्याख्यानांपेक्षा जास्त होतो, असे परदेशी संशोधकांनीही नोंदले आहे. हुशार विद्यार्थिनीला ‘तुझ्यासारखीने हा विषय घेऊन फुकट का जावे?’ असे एका प्राध्यापकांनी विचारल्याचे आमच्या या माजी विद्यार्थिनीनेच सांगितले. आपणही वर्गात असे बोलत नाही काय? कला शाखेच्या मुलांबद्दल, उर्दू माध्यमाच्या मुलांबद्दल शिक्षकांच्या खोलीत काय बोलले जाते ते आठवून पाहावे.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. १९९७ च्या नियमावलीनुसार एम.बी.बी.एस.च्या साडेचार वर्षांत मनोविकार विभागातील पोस्टिंग दोन आठवड्यांची होती. परीक्षेत हा विषय मेडिसिनच्या दुसऱ्या पेपरात त्वचारोगाबरोबर एका कोपऱ्यात असे. इंटर्नशिपमध्येही हे पोस्टिंग ऐच्छिक होते. ज्या विषयाची स्वतंत्र परीक्षा नाही त्या विषयाला विद्यार्थी किती वेळ देतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पर्यावरणाच्या अनिवार्य पेपराचे काय होते ते आपण पाहतोच! २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात थोडी सुधारणा झाली. रुग्णाशी संवाद, वर्तन, नीती यांचे स्वतंत्र पाठ आले, विद्यार्थ्याला काही आठवडे आवडीच्या विभागात काम करण्याची सोय आली. २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये मनोविकार विभागाचे दोन आठवडे सक्तीचे केले. परंतु स्वतंत्र परीक्षा अजूनही नाही.

पोस्टिंग कोठे होते, यालाही महत्त्व आहे. जुन्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेले, नातेवाइकांनी सोडून दिलेले रुग्ण विद्यार्थ्याला दिसले तर ‘येथे कोणी बरे होत नाही’ हेच तो शिकणार. जे बरे होऊन घरी गेले ते त्याला दिसतच नाहीत. सर्वसाधारण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात तो बसला तर चित्र बदलते. नैराश्यातून उठून पुन्हा दुकानावर बसणारा माणूस, बाळंतपणानंतरच्या आजारातून बरी होऊन मूल कडेवर घेऊन आलेली बाई, दारू सुटलेला ड्रायव्हर त्याला दिसतो. भारतात असा विभाग सर्वप्रथम १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, आजच्या आर.जी. कर महाविद्यालयात, गिरींद्रशेखर बोस यांनी सुरू केला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात सुरू झाला. त्या आधी मनोरुग्णांची सोय म्हणजे गावाबाहेरची उंच भिंतींची इमारत. आपल्या जवळच्या धारवाडची संस्था १८४५ पासूनची आहे.

या भिंती भाषेत अजून उभ्या आहेत, आणि येथे मला माझ्या विषयातले काही सांगता येईल. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे महाराष्ट्रातील मनोरुग्णालये आहेत. म्हणून मुंबईकडे ‘याला ठाण्याला भरती करा’ म्हणतात. पुण्यात येरवड्याचे नाव घेतात. आम्ही बेळगावकर धारवाडला पाठवतो, हैदराबादी लोक एर्रागड्ड्याला, उत्तरेकडचे आग्र्याला नाहीतर राँचीला. ग्वाल्हेर आणि वडोदरा येथील वाचकांना आपापल्या गावची वसाहत आठवेल. एखाद्या शहराचे नावच शिवी होऊन बसते तेव्हा त्या शहरात जाऊन काम करणाऱ्या डॉक्टरला कसली प्रतिष्ठा मिळणार?

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आपण अभिमानाने शिकवतो. मानसिक आजार हे सोंग आहे, मनात आणले तर माणूस सरळ होईल, हा समज तिच्यात मुरलेला आहे. उर्दूची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. ‘जुनून’ आणि ‘मजनून’ हे शब्द अरबी जीम-नून-नून या धातूपासून आले. त्याचा अर्थ झाकणे, दृष्टिआड करणे. जिन म्हणजे न दिसणारा, जनीन म्हणजे पोटातले न दिसणारे मूल, जन्नत म्हणजे झाडांनी झाकलेली बाग, आणि मजनून म्हणजे ज्याच्या अकलेवर पडदा पडला तो. जिन आणि जुनून यांचे नाते असे शब्दातच असल्यामुळे सामान्य माणसाच्या मनात दोन्ही एकच होतात. पण त्याच उर्दूत ‘सौदा’ हाही शब्द आहे. सौदा म्हणजे युनानी वैद्यकातील चार खिल्तांपैकी एक, काळे पित्त. ते वाढले की माणूस ‘सौदाई’ होतो. ही कल्पना आज मान्य नसली तरी तिच्यात आजाराचे कारण शरीरात शोधले आहे, जिनात नव्हे. म्हणजे ‘असर’ मानणारी परंपरा आपली आहे तशी इलाज मानणारीही आपलीच आहे.

ही दुसरी परंपरा आपण विसरलो. अबू झैद अल-बल्खी यांनी दहाव्या शतकाच्या आसपास ‘मसालिहुल अबदान वल अनफुस’ हा ग्रंथ लिहिला. त्यात शरीराच्या आरोग्याला एक भाग आहे आणि मनाच्या आरोग्याला दुसरा. भीती, राग, खिन्नता, मनात घुसून न निघणारे विचार यांची वेगवेगळी चर्चा त्यात आहे. कैरोत १२८४ मध्ये सुलतान कलावून याने बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे १४८८ मध्ये पूर्ण झालेल्या बायझीद दुसरा याच्या रुग्णालयात रुग्णांना संगीत ऐकवले जाई. एव्हलिया चेलेबी या प्रवाशाने सतराव्या शतकात त्याचे वर्णन केले आहे. आणि वाङ्मयाकडे पाहायचे तर मीर तकी मीर यांनी तरुणपणी आपल्याला आलेल्या वेडाचा झटका ‘झिक्रे मीर’ या आत्मवृत्तात लपवला नाही. सआदत हसन मंटो दारूच्या व्यसनावरील उपचारासाठी लाहोरच्या मनोरुग्णालयात राहिले होते, आणि त्यांची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा त्याच शहराच्या पागलखान्यात घडते. आपण ती फाळणीची कथा म्हणून शिकवतो. मी आता दोन्ही म्हणून शिकवतो.

या परंपरेचा विसर पडल्यावर काय होते हे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आसऱ्याला पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेथील असे आसरे बंद झाले. त्या लोकांना तेथे घेऊन जाणारे नातेवाईक दुष्ट नव्हते. जवळ डॉक्टर नव्हता, असला तर त्याच्याकडे जाण्याची लाज होती, दर्ग्यात जाण्याची लाज नव्हती. लाज नसणे ही दर्ग्याची मोठी ताकद आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनी वेगळी वाट काढली. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे २००८ च्या सुमारास एका स्वयंसेवी संस्थेने शासनाच्या साहाय्याने ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू केला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. ते दुआ करतात आणि रुग्णाला आवारातल्याच डॉक्टरकडे पाठवतात. कोणाची श्रद्धा मोडावी लागली नाही. प्रत्येक आजारावर इलाज निर्माण केला आहे, तो शोधा, या अर्थाची हदीस आपल्याला परिचित आहे. ती मनाच्या आजाराला वगळून आहे असे कोणत्याही आलिमाने म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. पण अशा ठिकाणी बसायला डॉक्टर हवा ना? आणि मुजावराशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा हवा.

विद्यार्थ्यांच्या दोन शंका राहिल्या. पहिली, शास्त्राला पाया नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम वापरले, १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन आले, त्याच दशकाच्या अखेरीस नैराश्यावरील इमिप्रामीन आले. त्यापूर्वी साखळी किंवा कोठडी हाच मार्ग असलेले लाखो रुग्ण या औषधांनी घरी राहू लागले. रक्ताच्या तपासणीतून स्किझोफ्रेनिया दिसत नाही, हे खरे. पण अर्धशिशीचे निदानही डॉक्टर रुग्णाचे ऐकूनच करतो, तेव्हा कोणी शंका घेत नाही. रुग्ण बरे होत नाहीत या समजाबद्दल एक भारतीय संदर्भ लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. त्यात आग्रा हे एक केंद्र होते. काही वर्षांनी पाहता आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बरी आढळली. त्याच्या कारणांवर अजून वाद चालू आहेत, कुटुंबाचा आधार हे त्यांतले एक मानले जाते.

दुसरी शंका विजेच्या झटक्यांची. ‘खामोशी’पासून हिंदी चित्रपटांनी जे दाखवले तेच मुलांच्या डोळ्यांपुढे असते. वस्तुतः आज हा उपचार भूल देऊन, स्नायू सैल करणारे औषध देऊनच करावा लागतो. तसे न करता झटके देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी केली आहे. याच कायद्याने उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरवला, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असे सांगितले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यावी असे म्हटले. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘ल्युनसी अॅक्ट’ होते. तेथून आपण येथवर आलो. मराठी चित्रपटांनी मात्र या बाबतीत चांगले काम केले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे ‘देवराई’ आणि ‘कासव’ हे चित्रपट महाविद्यालयात दाखवून मग मुलांशी बोलावे. व्याख्यानापेक्षा ते बरे.

मिळकतीबद्दल वडिलांनी मला विचारले होते. जाणकारांकडून जे कळले ते असे. सर्जन किंवा हृदयरोगतज्ज्ञाइतका पैसा नाही, परंतु महागडी यंत्रे, ऑपरेशन थिएटर, मोठे कर्ज यांवाचून दवाखाना सुरू करता येतो. रात्री-अपरात्री धाव घ्यावी लागत नाही असे नाही, पण कमी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत सुरू झाला, तो आता देशभर पसरला आहे आणि त्याला डॉक्टर लागतात. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा चालू आहे. एम.डी.नंतर बालमनोविकार, व्यसनमुक्ती, वृद्धांचे मानसिक आरोग्य यांत पुढचे शिक्षणही आहे. एक गोष्ट पालकांना मुद्दाम समजावावी लागते. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो आणि औषधे लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकलेला असतो, तो चाचण्या घेतो, समुपदेशन करतो. आपल्याकडे दोघांनाही एकच समजतात, आणि बी.ए.ला मानसशास्त्र घेणाऱ्या मुलीचे पालकही ‘पागलांची डॉक्टर’ म्हणूनच घाबरतात.

मुलींच्या बाबतीत तर मला ही शाखा विशेष महत्त्वाची वाटते. आपल्या वस्तीतील किती बाया वर्षानुवर्षे ‘दिल घबराता’, ‘हात-पाँव में जान नहीं’, ‘कलेजे पर बोज’ अशा तक्रारी घेऊन या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरतात! ताकदीची सुई घेतात, कार्डिओग्राम काढतात, सर्व काही ठीक निघते आणि घरी येऊन बोलणी खातात. पुरुष डॉक्टरपुढे, सासू शेजारी बसलेली असताना, त्यांतली कोणती बाई मनातले सांगेल? अशा बाईच्या शब्दांतून आजार ओळखणारी, तिची बोली जाणणारी स्त्री डॉक्टर तालुक्याला एक जरी मिळाली तरी खूप आहे.

येथे उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला एक लाभ आहे, ज्याची त्याला कोणी जाणीव करून देत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी इंग्रजीमुळे तो मागे पडतो आणि आपली भाषा हे आपले अपंगत्व आहे असे समजू लागतो. मनोविकारशास्त्रात उलट घडते. तेथे स्टेथोस्कोपचे काम भाषा करते. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची अशी पद्धत आहे. मनःस्थितीची तपासणी म्हणून जी असते तिच्यात बोलण्याची गती, विचारांचा धागा, भास, स्मृती, स्वतःच्या आजाराची जाण हे सर्व संभाषणातून पाहायचे असते. अमूर्त विचार करता येतो की नाही हे तपासण्यासाठी म्हणीचा अर्थ विचारतात! ‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा अर्थ रुग्णाने अंगणाच्या उंचसखलपणावर नेला तर डॉक्टर त्याची नोंद घेतो. पण इंग्रजी पुस्तकातल्या म्हणीचे भाषांतर करून विचारले तर न समजण्याचा दोष रुग्णाचा की म्हणीचा?

डॉक्टर पुरेसे होईपर्यंत काय, याचे एक उत्तर गोव्याने दिले. १९९६ मध्ये तेथे ‘संगत’ ही संस्था स्थापन झाली, विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी. या मंडळींनी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना, विशेषतः सरकारी केंद्रांत, त्याचा फायदा झाल्याचे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. यात मनोविकारतज्ज्ञ अनावश्यक ठरत नाही. शिकवायला, अवघड रुग्ण पाहायला तोच लागतो. मोहीम मनापासून केली तर विद्यार्थ्यांचा कल बदलतो असाही अनुभव आहे. ब्रिटनमध्ये या शाखेच्या जागा रिकाम्या राहत. २०१७ मध्ये तेथील रॉयल कॉलेजने प्रचार हाती घेतला, आणि दोन-तीन वर्षांत जवळजवळ सर्व जागा भरू लागल्या. भारतातली स्थिती वेगळी आहे. येथे शाखा आवडीने ठरत नाही, क्रमांकाने ठरते. म्हणून प्रश्नावलीत उत्साह दाखवणारा पुढे त्वचारोग घेतो आणि नाक मुरडणारा नाइलाजाने मनोविकारशास्त्रात येतो. नाइलाजाने आलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे रमतात, असे त्या क्षेत्रातले लोक सांगतात. तरीही आवडीने आलेला एकही विद्यार्थी घरच्यांच्या भीतीने परत जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आणि ज्यांना हे डॉक्टर उपचार देणार आहेत त्यांत वैद्यकीय विद्यार्थीही आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी १५.३ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. स्वतः औषध घेणारा विद्यार्थी मित्रांपासून गोळ्यांची पट्टी लपवतो. मग त्या गोळ्या लिहिण्याचे काम आयुष्यभर करावे असे त्याला का वाटावे?

त्या दिवशी वडिलांना मी एवढेच म्हणालो की मुलीला एकदा त्या विभागात जाऊन चार दिवस बसू द्या, तुम्हीही एक दिवस बाहेरच्या बाकावर बसून कोण लोक येतात ते पाहा. ते गेले. बाकावर त्यांना त्यांच्याच मोहल्ल्यातले दोघे भेटले. तिघेही एकमेकांना पाहून आधी संकोचले, असे त्यांनी नंतर सांगितले. मुलीने जागा घेतली. सध्या ती एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईची रिश्त्याची काळजी अजून मिटलेली नाही. दोन ठिकाणांहून विषयाचे नाव ऐकून नकार आला, हे मी लपवत नाही.

गेल्या रमजानच्या आधी तिचा फोन आला. वॉर्डात दखनी बोलणारे रुग्ण पुष्कळ, पण तपासणीसाठी वापरतात त्या म्हणी त्यांना लागू पडत नाहीत, तेव्हा दखनी म्हणी लिहून पाठवाल का, असे तिने विचारले. माझ्या वर्गातल्या मुलांनी घरी आजी-नानींना विचारून चाळीस म्हणी गोळा केल्या. त्या पाठवल्या. महिन्याने तिने कळवले की त्यांतल्या नऊ म्हणी तिशीच्या आतील निरोगी नातेवाइकांनाही ठाऊक नव्हत्या, म्हणून तिने त्या तरुण रुग्णांसाठी बाजूला ठेवल्या आहेत आणि उरलेल्या वापरून पाहत आहे.